राजकीय घोटाळ्याचा खटला आणि कोर्टाबाहेरची ड्युटी : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

आदल्या रात्री असाइनमेंट डेस्कवरून फोन येतो की उद्या सकाळी कोर्ट, अमुक नेत्याच्या घोटाळ्याच्या केसमध्ये सुनावणी आहे, बाहेर उभं राहायचंय, लाइव्ह द्यायचंय. एवढंच. कुठे उभं राहायचं, काय बोलायचं, काय बोलायचं नाही हे कुणी सांगत नाही, सगळे धरून चालतात की ते येतच असेल. मी बरीच वर्षं हे काम करतोय आणि माझ्या मते फील्डवरच्या कामात यापेक्षा जबाबदारीचं काम कमीच असतं, कारण आत जे चाललंय ते लोकांना दिसत नाही, बाहेर तुम्ही दिसता. तुम्ही म्हणाल तेच त्यांच्यासाठी घडलेलं असतं.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून ठेवतो, बाकी सगळं यातूनच निघतं. कोर्टाच्या पायरीवर जे बोललं जातं ते कोर्टात घडलेलं नसतं. वकील बोलतो ती त्याची बाजू, प्रवक्ता बोलतो ते पक्षाचं म्हणणं, समर्थक ओरडतात त्या घोषणा. आदेश फक्त आत होतो, तुमची बातमी तो आदेश आहे आणि पायरीवरचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

आदल्या रात्री : एका कागदावर केस

झोपायच्या आधी एक पानभर कागद तयार करा, मोबाइलमध्ये नको, कागदच. फोन हँग होतो, बॅटरी जाते, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि लाइव्हच्या मध्ये फोन बघत बसता येत नाही.

कागदावर आरोपींची नावं लिहा, प्रत्येकाच्या पुढे आरोप वेगवेगळे लिहा आणि प्रत्येक आरोपापुढे एक रिकामा चौकोन ठेवा. हे चौकोन फार कामाला येतात. घोटाळ्याच्या केसमध्ये एकच आरोप क्वचितच असतो आणि निकाल सरसकट एकाच बाजूला लागेल असं अजिबात नाही. अमेरिकेत इलिनॉयचे माजी गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांच्यावर 2010 मध्ये 24 आरोप होते, ज्युरीचं (दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचं) एकमत झालं फक्त एकावर, बाकीच्यांवर निर्णयच झाला नाही आणि पुढच्या वर्षी परत खटला चालवून त्यांना 17 आरोपांत दोषी धरलं. वॉशिंग्टनमध्ये 2007 साली उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचे चीफ ऑफ स्टाफ राहिलेले लुईस 'स्कूटर' लिबी यांच्या खटल्यात पाच आरोप होते, चारांत दोषी, एकात सुटका. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांचा 25 सप्टेंबर 2025 चा निकाल बघा, निवडणुकीसाठी लिबियाकडून पैसे घेतल्याच्या केसमध्ये भ्रष्टाचाराच्या आणि बेकायदा निवडणूक निधीच्या आरोपातून सुटले आणि गुन्हेगारी कटाच्या आरोपात पाच वर्षांची शिक्षा. अशा दिवशी "सुटले" हाही शब्द अर्धवट आणि "दोषी" हाही अर्धवट, ज्याच्याकडे चौकोनांचा कागद आहे त्यालाच नीट सांगता येतं.

दुसरं, आज नेमकं काय होऊ शकतं त्याच्या तीन-चार शक्यता लिहा. आज जामिनावर युक्तिवाद आहे की जामिनावर निर्णय आहे? आरोपनिश्चिती आहे का? साक्षीदाराची उलटतपासणी आहे? की फक्त पुढची तारीख पडणार आहे? निम्म्या वेळा पुढची तारीखच पडते आणि तसं झालं तर तसंच सांगायचं, त्यात कमीपणा नाही.

तिसरं म्हणजे पैशाचा आकडा. इथे फार घोळ होतो. आकड्यापुढे तो कुणी सांगितला हे लिहिल्याशिवाय आकडा लिहूच नका. मोबाइल स्पेक्ट्रम वाटपाच्या टू-जी प्रकरणात 1.76 लाख कोटी हा आकडा 2010 मध्ये कॅगच्या रिपोर्टमधून आला, तो संभाव्य तोट्याचा अंदाज होता, आणि सीबीआयच्या आरोपपत्रातला तोट्याचा आकडा होता 30,984 कोटी. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि यातला कुठलाही आकडा म्हणजे "कुणाच्या तरी खिशात गेलेले पैसे" नव्हे, तरी वर्षानुवर्षं लोकांनी तो तसाच ऐकला, कारण सांगणाऱ्यांनी तसा सांगितला.

शब्द पक्के करा, नाहीतर बाकी सगळं वाया

यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण चुका इथेच होतात आणि त्यांची किंमत तुमची नसते, दुसऱ्या कुणाची तरी असते.

एफआयआर म्हणजे तक्रार नोंदली, बस. आरोपपत्र म्हणजे तपास यंत्रणेने आपलं म्हणणं कोर्टापुढे ठेवलं. आरोपनिश्चिती म्हणजे कोर्टाला वाटलं की खटला चालवण्याइतकं काहीतरी आहे. या तिन्ही टप्प्यांवर माणूस आरोपीच असतो. तुम्ही "घोटाळेबाज नेता कोर्टात दाखल" असं म्हणालात की निकाल तुम्हीच देऊन टाकला.

आरोपमुक्त आणि निर्दोष मुक्तता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यात खटला चालायच्या आधीच नाव वगळलं जातं, दुसऱ्यात पूर्ण खटला चालतो, पुरावे तपासले जातात आणि मग सुटका होते. जामीन मिळाला म्हणजे "दिलासा" म्हणा हवं तर, "क्लीन चिट" म्हणू नका. आणि जामीन फेटाळला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असंही नाही.

दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं हे बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या दिवशी होतं, कधी तर मध्ये महिने जातात, म्हणून "दोषी" ऐकल्या ऐकल्या "किती वर्षं" हा अंदाज करत बसू नका. कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा लिहिलेली असते ती सांगायची असेल तर "जास्तीत जास्त" हा शब्द जोरात म्हणा, कारण लोक तो गाळूनच ऐकतात.

शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती यातही फरक आहे. शिक्षेला स्थगिती मिळाली की माणूस बाहेर येतो पण दोषी असल्याचा शिक्का तसाच राहतो. भारतात अपात्र ठरलेल्या लोकप्रतिनिधीचं पद वाचायला दोषसिद्धीलाच स्थगिती लागते. पायरीवर वकील फक्त "स्टे मिळाला" एवढंच म्हणून निघून जातो, तेव्हा लगेच विचारायचं, कशाला स्टे?

आणि "निकाल राखून ठेवला" म्हणजे निकाल लागला नाही. हेही सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं पण "राखून ठेवला" याचं "कायम ठेवला" झालेलं मी स्वतः स्क्रीनवर बघितलंय.

पहाटे जाऊन जागा बघा

शक्य असेल तर आदल्या दिवशीच जा, नसेल तर दोन-तीन तास आधी तरी. आणि आधी कॅमेरा लावू नका, आधी इमारतीला एक फेरी मारा. दरवाजे किती आहेत ते मोजा. जामिनावर असलेला नेता बहुतेक पुढच्या दाराने येतो, कारण त्याला दिसायचं असतं, कस्टडीतला आरोपी गाडीतून मागच्या किंवा तळघराच्या गेटने येतो, न्यायाधीशांचं दार वेगळं असतं आणि साक्षीदार कुठून येतील ते कुणी सांगत नाही. दोन माणसं असतील तर दोन दारं वाटून घ्या.

कॅमेऱ्याचे नियम त्या त्या ठिकाणचे बघा, अंदाजावर जाऊ नका. इंग्लंडमध्ये 1925 च्या कायद्याने कोर्टात फोटो काढायला आणि चित्र रेखाटायलाही बंदी आहे, आणि ती बंदी नुसत्या कोर्टरूमपुरती नाही तर इमारतीला आणि आवारालाही लागू होते, म्हणून तिथले फोटोग्राफर फुटपाथची कडा सोडत नाहीत. फ्रान्समध्ये 1954 पासून सुनावणी सुरू असताना कॅमेरा बंद, म्हणून तिथे अजून चित्रकार बसून स्केच काढतात. अमेरिकेच्या फेडरल फौजदारी कोर्टात कॅमेरा नाही. न्यूयॉर्कमध्ये 2024 साली डोनाल्ड ट्रम्प यांचा खटला चालला तोही टीव्हीवर दिसला नाही, फोटोग्राफर्सना कामकाज सुरू होण्याआधी थोडा वेळ आत सोडायचे आणि बाकी दिवसभर कोर्टरूमबाहेरच्या कॉरिडॉरमधला कॅमेरा, बॅरिकेडच्या पलीकडून ट्रम्प येता-जाता बोलायचे तेवढंच. उलट दक्षिण कोरियात 6 एप्रिल 2018 ला माजी राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांचा निकाल सोलच्या कोर्टातून थेट प्रक्षेपित झाला. म्हणजे एकच नियम सगळीकडे नाही. कोर्टाच्या ऑफिसमधून लेखी घ्या आणि त्याचा प्रिंट खिशात ठेवा, कारण गेटवरचा पोलीस तुमचं तोंडी ऐकणार नाही पण सही-शिक्क्याचा कागद वाचेल.

जागा पकडली की जमिनीवर चिकटपट्टीने खूण करा. इतर चॅनेलवाल्यांशी तिथेच बोलून एक रेषा ठरवा, तिच्या पुढे कुणी जायचं नाही. तुम्हाला वाटेल हे कोण पाळणार, पण पाळतात, सगळ्यांना फ्रेम हवी असते आणि एक जण पुढे गेला की सगळ्यांची फ्रेम जाते. दक्षिण कोरियात याला फोटोलाइन म्हणतात. 1993 मध्ये ह्युंदाईचे संस्थापक आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले चुंग जू-युंग चौकशीला आले तेव्हा रेटारेटीत कॅमेरा लागून त्यांचं कपाळ फुटलं, त्यानंतर तिथल्या फोटोग्राफर्सनी मिळून ही रेषा पक्की केली. रक्त सांडल्यावर सुचलेली गोष्ट आहे ही, आपण आधीच आखून घेऊ शकतो.

बाकी छोट्या गोष्टी : सूर्य दुपारी कुठे येईल ते सकाळीच बघा, गर्दीच्या डोक्यावरून शॉट मिळायला पक्कं स्टूल न्या, दोन कंपन्यांची सिम ठेवा कारण हजार माणसं एका ठिकाणी आली की नेटवर्क बसतंच, आणि ओबी व्हॅन (लाइव्ह पाठवणारी गाडी) अशी लावा की पुढे गाड्या अडकल्या तरी निघता येईल.

आतला माणूस आणि बाहेरचा माणूस

एकट्याने हे काम नीट होत नाही. एक जण आत बसतो, लिहून घेतो, दुसरा बाहेर कॅमेऱ्यापुढे. आणि दोघांमध्ये निरोप कसा यायचा हे आधी ठरवा, तिथे गेल्यावर नाही. काही कोर्टांत आत फोन नेऊ देत नाहीत, काही ठिकाणी फोन चालतो पण मेसेज करायला बंदी असते, तर मग तिसरा माणूस लागतो जो दारापर्यंत चिठ्ठी आणतो.

चिठ्ठीची भाषाही ठरवून घ्या. आमच्यात एक नियम आहे की आतल्या माणसाने आपला अर्थ लिहायचा नाही, न्यायाधीशांचे शब्द लिहायचे. "कोर्ट भडकलं" असं नाही, तर "न्यायाधीशांनी विचारलं, कागदपत्रं अजून का दिली नाहीत". पहिलं वाक्य चिठ्ठीतून अँकरपर्यंत जाताना "कोर्टाने झापलं" होतं, मग "ताशेरे ओढले" होतं, आणि ताशेरे म्हणजे आदेशात लिहिलेली गोष्ट असते, न्यायाधीशांनी सुनावणीत विचारलेला प्रश्न म्हणजे ताशेरे नव्हेत. न्यायाधीश दोन्ही बाजूंना टोचून प्रश्न विचारतात, त्यावरून निकालाचा कल काढू नका.

माणसं कमी असतील तर दुसऱ्यांशी हातमिळवणी करायला लाजू नका. इटलीत 1992 पासून 'मानी पुलिते' (स्वच्छ हात) या भ्रष्टाचाराच्या तपासाची प्रकरणं मिलानच्या कोर्टात चालली तेव्हा एकमेकांच्या विरोधातल्या पेपरांच्या रिपोर्टर्सनी गट करून माहिती वाटून घेतली होती, कारण अटका एवढ्या होत होत्या की एकट्याला पुरं पडणंच शक्य नव्हतं. मात्र वाटून घेतलेली माहितीही स्वतः एकदा तपासा, नाहीतर एकाची चूक दहा जणांची होते आणि मग ती चूक वाटतच नाही.

वाट बघण्याचे तास

सगळ्यात जास्त वेळ यात जातो आणि सगळ्यात जास्त बिघाड पण यातच होतो. आत काहीच घडत नसतं पण डेस्कला दर अर्ध्या तासाला लाइव्ह हवं असतं. मग माणूस बोलायला लागतो आणि बोलता बोलता "सूत्रांच्या माहितीनुसार", "अशी शक्यता वर्तवली जातेय", "वातावरणात तणाव आहे" असं करत करत काहीतरी तयार होतं जे मुळात कुठेच नव्हतं.

त्यापेक्षा केस समजावून सांगा. तुमच्याकडे कागद आहे ना? पहिल्या लाइव्हमध्ये आरोप काय आहेत ते सांगा, दुसऱ्यात बचाव पक्षाचं म्हणणं काय, तिसऱ्यात आजच्या सुनावणीत काय काय होऊ शकतं, चौथ्यात या केसला किती वर्षं झाली आणि का लांबली. लोकांना हे खरंच हवं असतं, पाच-सात वर्षं चाललेल्या केसची सुरुवात कुणाला आठवत नसते. आणि नवीन काही नसेल तर "आत सुनावणी सुरू आहे, अजून आदेश नाही" हे वाक्य जसंच्या तसं म्हणा आणि अँकरकडे परत द्या.

या तासांमध्ये कॅमेरा सुरू असतो हे विसरू नका. 19 एप्रिल 2024 ला ट्रम्प यांच्या खटल्याची ज्युरी निवडणं सुरू होतं तेव्हा कोर्टासमोरच्या बागेत एका माणसाने स्वतःला पेटवून घेतलं, टीव्हीचे कॅमेरे तिथेच होते, काही ठिकाणी ते लाइव्ह गेलं, तो माणूस नंतर दवाखान्यात मरण पावला. असं काही समोर घडलं तर कॅमेरामनने काय करायचं हे त्या क्षणी ठरवता येत नाही. आधीच ठरवा : फ्रेम लगेच लांब न्यायची किंवा खाली करायची, डेस्कने फीड तोडायचं, आणि जो जवळ आहे त्याने मदतीला हाक मारायची.

दार उघडतं तेव्हा

हा क्षण तुम्हाला जवळून दाखवतो. पाच-सहा तास सगळे पांगलेले असतात, कुणी बॅरिकेडला टेकलेलं, कुणी ट्रायपॉडच्या पायाशी बसलेलं. मग आतून एक पोलीस येतो आणि दाराचा दुसरा पल्ला उघडून अडकवतो. एवढंच. पण एका पल्ल्याने माणूस येतो आणि दोन पल्ल्यांनी लवाजमा येतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्या कडीच्या आवाजावर सगळे एकदम उठतात, केबल ताणल्या जातात, बूम (चॅनेलचे माइक) पुढे सरकतात, मागचा पुढच्याच्या पाठीवर हात टेकतो आणि पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत जो ढकलला जाईल तो पायऱ्यांवर पडेल. म्हणून केबल आधीच पायांखालून काढून बाजूला टेपने दाबून ठेवा, माइकचा हात खांद्याच्या वर पण समोरच्याच्या तोंडापासून हातभर लांब ठेवा, आणि मागे सरकत शूट करणाऱ्या कॅमेरामनच्या पट्ट्याला मागून कुणीतरी धरलेलं असलंच पाहिजे. पायऱ्यांवर उलटं चालणं हा या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे.

प्रश्न एकच आणि आजच्या आदेशावरचा असावा. "कसं वाटतंय" विचारून काही मिळत नाही. "अपील कधी करणार?", "कोर्टाने तुमचा अमुक मुद्दा मान्य केला नाही, त्यावर काय म्हणणं?" असं विचारलं तर कधी कधी उत्तर मिळतं. आणि उत्तर नाही मिळालं तर "मौन बाळगलं" याची बातमी करू नका, खटला सुरू असताना वकिलाने गप्प राहायला सांगितलेलं असतं.

एका बाजूचा बाइट (कॅमेऱ्यापुढची प्रतिक्रिया) मिळाला की दुसऱ्या बाजूचा मिळेपर्यंत जागा सोडू नका. सरकारी वकील किंवा तपास यंत्रणेचे लोक बहुतेक वेळा बोलत नाहीत, बचावाचे वकील भरपूर बोलतात, त्यामुळे दिवसाच्या शेवटी तुमच्या फुटेजमध्ये एकच बाजू असते. उरलेली बाजू कोर्टात झालेल्या युक्तिवादातून भरून काढायची, आतल्या माणसाची वही इथे कामाला येते.

घरच्यांना सोडा. आरोपीची बायको, मुलं, म्हातारे आईवडील यांच्यावर खटला नसतो. मी एकदा बघितलंय, एका आरोपीची मुलगी कॉलेजच्या वयाची असेल, बूमच्या गर्दीत अडकली आणि तिने दोन्ही हातांनी फक्त चष्मा धरून ठेवला होता, दुसरं काही वाचवायचा प्रयत्नच केला नाही. तो शॉट आम्ही वापरला नाही, तरी मला तो अजून दिसतो. सार्कोझींच्या निकालाच्या दिवशी त्यांच्या पत्नी कार्ला ब्रुनी यांनी मीडियापार्ट या फ्रेंच न्यूज वेबसाइटच्या माइकवरचा फोम ओढून जमिनीवर टाकला, ते जगभर दाखवलं गेलं. घरातला माणूस त्या क्षणी काहीही करू शकतो, तुम्ही माइक मागे घ्यायचा, वाद घालायचा नाही.

साक्षीदार आणि ज्युरी यांच्याबाबत तर फारच जपून. ट्रम्प यांच्या खटल्यात एका ज्युरी सदस्य महिलेचं नाव कुणीच छापलं नव्हतं, पण बातम्यांमधल्या बारीकसारीक वर्णनावरून ओळखीच्यांनी तिला ओळखलं आणि तिला ज्युरीतून बाहेर पडावं लागलं, मग न्यायाधीशांनी नोकरीची माहिती देऊ नका असं पत्रकारांना सांगितलं. नाव न देणं पुरेसं नसतं. कपडे, वय, नोकरी, राहण्याचा भाग, आवाज यातलं एक-एक जोडलं की माणूस उघडा पडतो. राजकीय केसमध्ये साक्षीदार उघडा पडला की पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

बेड्यांचे फोटो हाही विषय आहे. फ्रान्समध्ये 2000 सालच्या कायद्यानुसार दोषी न ठरलेल्या माणसाचा बेड्या दिसणारा फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. तुमच्याकडे असा कायदा असो नसो, दोषी ठरायच्या आधीचा बेड्यांचा फोटो लोकांच्या डोक्यात निकाल छापून टाकतो हे खरं आहे.

निकालाचा दिवस

हा दिवस वेगळा असतो, सगळ्यांचे हात थरथरत असतात. इथे एकच नियम : शेवटपर्यंत वाचा, मग तोंड उघडा.

28 जून 2012 चं उदाहरण घोटाळ्याच्या खटल्याचं नाही पण शिकण्यासारखं त्याहून चांगलं दुसरं नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आरोग्य विम्याच्या कायद्यावर निकाल दिला, सुरुवातीला लिहिलं होतं की व्यापाराचं नियमन करण्याच्या संसदेच्या अधिकाराखाली विमा घेण्याची सक्ती टिकत नाही, सीएनएन आणि फॉक्सने तेवढं वाचून ती रद्द झाल्याचं सांगून टाकलं. पुढच्या पानांवर होतं की कर म्हणून ती वैध आहे. म्हणजे कायदा टिकला होता. देशातल्या दोन मोठ्या चॅनेलनी काही मिनिटं नेमकं उलटं सांगितलं.

माझ्याकडून झालेली चूक यापेक्षा छोट्या केसमधली आहे पण मी विसरलो नाही. जामिनावर निर्णय होता, बचावाचा ज्युनियर वकील धावत बाहेर आला आणि माझ्याकडे बघून त्याने मान नकारार्थी हलवली, मी लाइव्ह होतो, मी म्हणालो "जामीन फेटाळला". प्रत्यक्षात सुनावणी दुपारनंतर ढकलली होती आणि तो "अजून नाही" असं सांगत होता. आरोपीच्या घरी टीव्ही सुरू होता. त्याच्या वयस्कर वडिलांनी ते ऐकलं आणि त्यांना त्रास झाला, हे मला संध्याकाळी कळलं, तोपर्यंत जामीन मंजूरही झाला होता. मी दुसऱ्या दिवशी त्यांना भेटून माफी मागितली. तेव्हापासून मी इशाऱ्यावर, चेहऱ्यावर, अंगठ्यावर काहीही सांगत नाही, दोन जणांनी शब्दांत सांगितलं किंवा आदेशाचा कागद हातात आला तरच.

कागद हातात आला की पहिलं पान सोडा, शेवटी जा, आदेशाचा भाग तिथे असतो, बोट ठेवून एकेक ओळ वाचा आणि आपल्या चौकोनांत खूण करत जा. मग या क्रमाने बोला : कुणाला, कोणत्या आरोपात, काय ठरलं, शिक्षा आज सुनावली की नंतर, आणि आता अपिलाचा रस्ता कुठे. कारणं नंतर. कारणं समजायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ घ्या, "सविस्तर निकालपत्र वाचून सांगतो" म्हटलं की प्रेक्षक थांबतात.

निकालाच्या दिवशी गर्दीचाही विचार आधी करा. 27 सप्टेंबर 2014 ला तमिळनाडूच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललितांचा बेहिशेबी मालमत्तेच्या केसमधला निकाल होता तेव्हा सुरक्षेसाठी कोर्ट बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार तुरुंगाच्या आवारात भरवलं होतं. चार वर्षं शिक्षा, 100 कोटी दंड आणि मुख्यमंत्रिपद त्याच दिवशी गेलं. असा निकाल लागतो तेव्हा बाहेरची माणसं क्षणात बदलतात, सकाळी तुम्हाला पाणी देणारा कार्यकर्ता दुपारी तुमच्या कॅमेऱ्यावर हात टाकतो, त्याचा राग तुमच्यावर नसतो पण समोर तुम्हीच असता. भिंतीला पाठ करून उभं राहू नका, निघायचे दोन रस्ते माहीत असू द्या, चॅनेलचा लोगो असलेलं जॅकेट आत घालता येईल असं घ्या, आणि टीममध्ये एक माणूस असा ठेवा ज्याने शूट करायचं नाही, फक्त गर्दीकडे बघायचं, आणि त्याने "निघा" म्हटलं की बाकीच्यांनी वाद न घालता निघायचं. शॉट राहिला तर राहिला.

परतल्यावर

दिवस संपला तरी काम संपत नाही, उलट ज्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही ते आता सुरू होतं. त्याच रात्री कच्चं फुटेज तारीख, ठिकाण, कोण बोलतंय असं लिहून जपून ठेवा. राजकीय केस वर्षानुवर्षं चालते, आज आरोप करणारा उद्या युतीत असतो आणि तेव्हा तो म्हणतो "मी असं म्हणालोच नव्हतो".

आदेशाची प्रत दुसऱ्या दिवशी शांतपणे पूर्ण वाचा आणि आपण आदल्या दिवशी बोललेल्याशी ताडून बघा. चूक सापडली तर जितक्या मोठ्या अक्षरात चूक गेली तितक्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती, तेही त्याच वेळेच्या बुलेटिनमध्ये.

आणि अपिलाचा पाठपुरावा करा, हे मी कळकळीने सांगतोय. जयललिता 2014 ला दोषी ठरल्या, 11 मे 2015 ला हायकोर्टाने निर्दोष सोडलं, 14 फेब्रुवारी 2017 ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, तेव्हा त्या हयात नव्हत्या आणि त्यांच्या सहकारी आणि सहआरोपी शशिकला आणि इतर दोघांना तुरुंगात जावं लागलं. ज्याने फक्त पहिला दिवस दाखवला त्याच्या प्रेक्षकाला एक गोष्ट माहीत आहे, ज्याने मधला दाखवला त्याच्या प्रेक्षकाला अगदी उलटी. टू-जी मध्ये 21 डिसेंबर 2017 ला माजी दूरसंचार मंत्री ए. राजा, द्रमुकच्या नेत्या कनिमोळी यांच्यासह सगळे आरोपी सुटले, विशेष न्यायाधीश ओ. पी. सैनी यांनी निकालात लिहिलं की सात वर्षं रोज कोर्टात बसून कायद्यात टिकेल असा पुरावा घेऊन कुणी येईल याची वाट पाहिली आणि ती वाट पाहणं वाया गेलं. त्या निकालाविरुद्धही तपास यंत्रणा 2018 मध्ये हायकोर्टात गेल्या. म्हणजे ते प्रकरणही पहिल्या निकालावर थांबलं नाही.

म्हणून ऑफिसला पोचल्यावर एक वही उघडा, त्यात केसचा नंबर, कोर्टाचं नाव, पुढची तारीख आणि अपिलाची मुदत कधी संपते ते लिहा, आणि तुमच्या जुन्या बातम्यांची यादी पण तिथेच ठेवा म्हणजे वरच्या कोर्टाचा निकाल आला की त्या प्रत्येक बातमीच्या वर "यानंतर असं झालं" ही ओळ टाकता येईल. तुम्ही नोकरी बदललीत तर ती वही तुमच्या जागी येणाऱ्याच्या हातात द्या, ड्रॉवरमध्ये ठेवून जाऊ नका.